एकशे बारा पावलांवरचं चर्च

घड्याळजींच्या दारापासून चर्चच्या पायरीपर्यंत एकशे बारा पावलं होती. आकडा त्यांनी स्वतः मोजलेला. ज्या चर्चमध्ये सतरा वर्षांत आपण पाऊल टाकलं नाही, त्याचं अंतर पावलांत मोजून ठेवणं हे घड्याळजींनाच शोभणारं काम होतं. दर रविवारी सकाळी साडेसहाला नवरा-बायको घराला कुलूप लावून बाहेर पडत. बायको डावीकडे वळे, घड्याळजी उजवीकडे. डावीकडे एकशे बारा पावलं. उजवीकडे बसथांबा, दोन बस बदलणं आणि वर एक चढ. माणसाचा चारचौघांत पाणउतारा झाला असला की गुडघेदुखी आपोआप बरी होते, एवढंच म्हणायचं.

पाणउतारा झाला तो असा. चर्चमध्ये गायकांच्या सज्ज्याखाली एक जुनं लंबकाचं घड्याळ होतं. दर शनिवारी संध्याकाळी शिडी लावून त्याला चावी द्यायची, महिन्यातून एकदा तेल द्यायचं, हे काम घड्याळजी वर्षानुवर्षं सेवा म्हणून करत. एका रविवारी तेव्हाचे फादर सात मिनिटं उशिरा वेदीपाशी आले, वर घड्याळाकडे बघितलं आणि हसून म्हणाले, "आपलं घड्याळ जरा पुढं पळतंय बरं का!" सगळं चर्च हसलं. नुकत्याच पॉलिश झालेल्या तिसऱ्या बाकावर बसलेले घड्याळजी हसले नाहीत. फादर नुसतं "डोळा लागला होता" एवढं म्हणाले असते, तर घड्याळजींनी त्यांना तिथल्या तिथं पापक्षमा देऊन टाकली असती. पण घड्याळावर ढकललं! ते उठले, बायकोला आणि मुलीला बाकावरच सोडून बाहेर पडले, ते पडलेच.

ते फादर दोन वर्षांनी बदलून गेले. त्यांच्यामागून तिघे आले आणि गेले, आताचे चौथे. भांडण ज्यांच्याशी होतं ते कधीच दुसऱ्या गावी उशिरा उठू लागले होते, पण घड्याळजींनी भांडणाला नेमाने चावी देऊन ते चालू ठेवलं.

देवाशी मात्र त्यांचं काही वाकडं नव्हतं. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, त्यांनी एकदाही चुकवली नाही. उलट पाच ठिकाणी फिरून त्यांनी प्रत्येक जागेची नीट पारख केली होती. चढावरच्या चर्चमध्ये प्रवचन बारा मिनिटांचं, पण पंखे नुसते शोभेचे. नदीपलीकडच्या चर्चमध्ये पंखे उत्तम, पण तिथले फादर प्रवचनात "शेवटी एकच सांगतो" असं चार वेळा म्हणत, आणि घड्याळजी प्रत्येक वेळी मनगटाकडे बघत. इस्पितळातल्या प्रार्थनाघरात सगळं सत्तावीस मिनिटांत आटपे, कारण निम्म्या मंडळींना सलाईन लावलेलं असे. सिस्टरांच्या मठात गाणं गोड, पण पुरुषाने शेवटच्या बाकावर बसायचं. आणि कॉलेजातलं प्रार्थनाघर सुट्टीत बंद. एकंदरीत देवाच्या घरी कुठं ना कुठं काहीतरी दुरुस्ती निघतच होती.

आळीतल्या लोकांना अर्थातच हे बघवेना. घड्याळजींचं दुकान म्हणजे एक काचेचं टेबल, एक दिवा आणि भिंतभर टिकटिक. तिथं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक पट्टा बदलता बदलता धर्मशास्त्र शिकवून जाई. कंपाउंडर म्हणे, "परक्या चर्चमधली मिस्सा अर्धीच धरतात." निवृत्तीनंतर आळीत राहायला आलेल्या मुख्याध्यापिका म्हणत, "आपलं धर्मग्राम सोडणं म्हणजे आपलं घर टाकून खानावळीत जेवणं." धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या हद्दीत राहणारी सगळी कॅथलिक मंडळी, आणि या बाई त्या हद्दीच्या स्वयंघोषित फौजदार होत्या.

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून घड्याळाच्या पोटात बघत ऐकून घेत. भिंग लावलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागत नाही, ही त्या धंद्यातली मोठीच सोय आहे. एरवी त्यांची नजर वाखाणण्यासारखी होती. मागचं झाकण उघडलं की चाकाच्या दात्यांची झीज पाहून ते सांगत, हे घड्याळ किती वर्षं चाललं, किती वर्षं नुसतं कपाटात पडलं, मालकाने तेल दिलं की नाही. "धातू खोटं बोलत नाही," असं ते म्हणत. माणसांच्या बाबतीत त्यांना इतकं कळत असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

शेवटी कंटाळून त्यांनी कायद्याचा निकालच आणला. कॉलेजातले एक म्हातारे फादर धर्मकायदा शिकवत. घड्याळजींनी त्यांना गाठून रोखठोक विचारलं, आणि जे उत्तर मिळालं ते कागदावर लिहून मागितलं. कागदावर असं होतं: "रविवारची मिस्सा कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये ऐकली तरी कर्तव्य पुरं होतं. ती आपल्याच धर्मग्रामात ऐकली पाहिजे, असा नियम नाही." खाली सही. घड्याळजींनी तो कागद दुकानातल्या टेबलाच्या काचेखाली सरकवला, गिऱ्हाइकाकडे तोंड करून. मुख्याध्यापिकांनी तो दोनदा वाचला, नाक मुरडलं आणि पुढच्या वेळी घड्याळ दुसरीकडे दिलं. घड्याळजींना आपण खटला जिंकल्यासारखं वाटलं.

या खटल्याचा खर्च कुणी सोसला, ते मात्र त्या कागदावर नव्हतं. मुलीचा दृढीकरणाचा, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा, संस्कार झाला, तेव्हा बारा वर्षांची पोर पांढऱ्या कपड्यांत बिशपांपुढं उभी होती आणि घड्याळजी फाटकाबाहेर. "मी अगदी मागं उभा होतो," असं त्यांनी तिला सांगितलं. ती "हो बाबा" म्हणाली. पुढं तिचं लग्न ठरलं, तर तिने आपणहून सांगितलं की लग्न नवऱ्याच्या चर्चमध्ये होऊ दे, तिकडे जागा मोठी आहे. जागा दोन बाकांनी मोठी होती.

लग्नानंतर आठ वर्षांनी त्या मुलीला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"बाबा, बाळाचा बाप्तिस्मा चोवीस तारखेला. धर्मपिता तुम्ही व्हायचं."

धर्मपिता म्हणजे बाळाच्या वतीने वेदीपाशी उभा राहून शब्द देणारा, हातात मेणबत्ती धरणारा माणूस. घड्याळजींनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. "अगं, माझं वय काय. कुणी तरुण बघा."

"यांचे मोठे भाऊ तयारच आहेत. कोटसुद्धा शिवायला टाकलाय त्यांनी. पण मला तुम्ही हवेत." मग जरा थांबून ती म्हणाली, "या वेळी पुढं उभे राहा, बाबा."

म्हणजे फाटकाचं तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं.  भिंतीवरची चाळीस घड्याळं तेवढी बोलत राहिली. शेवटी ते म्हणाले, "येतो."

"फक्त एक पत्र लागेल. तुमच्या चर्चच्या फादरांचं. तुम्ही कॅथलिक आहात, नेमाने मिस्सेला जाता, एवढंच."

"एवढंच ना?" घड्याळजी म्हणाले. नेमाने मिस्सेला जाण्याच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा माणूस आळीत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी ते चढावरच्या चर्चमध्ये गेले. तिथले फादर त्यांना बघून प्रसन्न झाले. "तुम्ही! दर महिन्याला येता, दुसऱ्या बाकावर. पण पत्र मी कसं देऊ? राहता कुठं?" पत्ता ऐकून ते म्हणाले, "मग तुमचं पत्र तिकडूनच." नदीपलीकडच्या फादरांनी हेच सांगितलं आणि शेवटी एकच म्हणून आणखी तीन गोष्टी सांगितल्या. इस्पितळातले फादर म्हणाले, "आजोबा, मी तुम्हाला पेशंट समजत होतो." मठात सिस्टरांनी पाणी दिलं, पत्र दिलं नाही. घड्याळजी कॉलेजातल्या म्हाताऱ्या फादरांकडे काहीशा रागानेच गेले.

"तुम्हीच लिहून दिलंत ना, कुठंही चालतं म्हणून?"

"मिस्सा कुठंही चालते," म्हातारे फादर शांतपणे म्हणाले. "पत्राचं तुम्ही कुठं विचारलं होतं? कागदपत्रांपुरता माणूस जिथं राहतो तिथलाच."

सतरा वर्षं पाच चर्चचा पाहुणचार घेतलेला हा गृहस्थ कुणाचाच नव्हता. आता एकच दार उरलं होतं, एकशे बारा पावलांवरचं.

ऑफिस चर्चच्या मागच्या अंगाला होतं. आत लोखंडी कपाट, त्यात कुटुंबांची कार्डं, आणि कपाटापुढे सेक्रेटरीबाई. बाई सहा वर्षांपूर्वी नेमणुकीवर आल्या आणि आल्या आल्या त्यांनी सगळी जुनी कार्डं नव्याने लिहून काढली होती. आपल्या अक्षराचा आणि अचूकपणाचा त्यांना रास्त अभिमान होता. घड्याळजींनी घर नंबर सांगितला. बाईंनी कार्ड काढलं, वाचलं आणि चेहरा एकदम मऊ केला.

"तुम्ही त्यांचे कोण? दीर का?"

"कुणाचे?"

"या बाईंचे हो. फार भली बाई. एकटीने दिवस काढले."

"मी तिचा नवरा."

सेक्रेटरीबाईंनी एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "असं कसं? तुम्ही वारलात."

घड्याळजींनी कार्ड आपल्याकडे फिरवलं. पतीच्या रकान्यात त्यांचं नाव होतं आणि पुढं, खरोखरच सुंदर अक्षरात, "मयत".

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? दर नोव्हेंबरात मृतांसाठी मिस्सा असते, तेव्हा बाई स्वतः चिठ्ठी देतात. ही बघा फाइल. नाव हेच ना?"

"ते माझ्या वडिलांचं नाव! आमच्या घरात थोरल्या मुलाला बापाचंच नाव देतात. आजोबांचंही हेच, आमच्या वडिलांचंही हेच, माझंही हेच."

"मग मला कसं कळणार?" बाई दुखावल्या. "बाई नेहमी एकट्या. तुम्हाला सहा वर्षांत कुणी इथं पाहिलेलं नाही. मी आपली दोन अधिक दोनची बेरीज केली." आणि मग जरा तक्रारीच्याच सुरात, "दर नोव्हेंबरात तुमचं नाव वेदीवरून वाचलं जातं. सगळं चर्च प्रार्थना करतं तुमच्या आत्म्यासाठी."

इतक्या लोकांनी इतक्या मनापासून प्रार्थना करूनही माणूस समोर धडधाकट उभा, हे बाईंना जरा कृतघ्नपणाचंच वाटत असावं.

आवाज ऐकून फादर आतून आले. तरुण होते, चष्मा लावलेले. सगळं ऐकून त्यांना हसू आवरेना, पण त्यांनी बाईंच्या देखत "मयत" हा शब्द खोडला आणि खाली सही केली. अशा रीतीने घड्याळजी मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी पुन्हा जिवंत झाले.

"आणि पत्र?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही हयात आहात, असं मी आत्ता लिहून देतो. पण नेमाने मिस्सेला येता, हे कशावरून लिहू?"

घड्याळजींनी खिशातून कागद काढला. दुकानातल्या काचेखालून तो मुद्दाम आणला होता. फादरांनी तो पुरता वाचला.

"बरोबर आहे यातला शब्द न् शब्द. मिस्सा कुठंही ऐका, मी कोण नाही म्हणणारा? पण पत्रात साक्ष माझी असते, आणि मी तुम्हाला आज पहिल्यांदा बघतोय. बाप्तिस्मा कधी आहे?"

"चोवीसला."

"मधे एक रविवार आहे. या. माझ्या डोळ्यांनी बघू दे, सोमवारी पत्र घेऊन जा. नाही आलात तर मात्र मी खोटं लिहिणार नाही."

घड्याळजी बाहेर आले. येताना मोजलेली एकशे बारा पावलं जाताना किती झाली, ते त्यांनी मोजलं नाही. एकीकडे सतरा वर्षांचा मान होता, दुसरीकडे मुलीच्या दीरांचा नवा कोट मेणबत्ती घेऊन उभा होता.

घरी बायको शर्टांना इस्त्री करत होती. घड्याळजी दारातूनच गरजले, "मी मेलोय, हे तुला माहीत होतं?"

"कोणत्या चर्चमध्ये?" बायकोने इस्त्री न थांबवता विचारलं.

"आपल्या! तिथल्या कार्डावर मयत लिहिलंय मला!"

"हां, ते." तिने कॉलर उलटी केली. "एका नोव्हेंबरात मुख्याध्यापिकांनी माझा हात हातात घेतला, म्हणाल्या, 'देव त्यांना शांती देवो.' मला वाटलं, मामंजींबद्दल बोलतायत. मी थँक यू म्हटलं. पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं, 'शेवटी फार त्रास झाला का हो त्यांना?' तेव्हा ट्यूब पेटली."

"मग सांगायचं नाही? ती बाई आजही माझ्या तोंडासमोर हिंडते!"

"तिला काय माहीत की पट्टा बदलणारे तुम्ही आणि माझा नवरा एकच? तुम्हाला आळीत सगळे घड्याळजी म्हणतात. आणि आपल्या दोघांना एकत्र कुठं पाहिलंय कुणी? रविवारी तुम्ही बसथांब्यावर." तिने शर्टाची घडी घातली. "आणि खरं सांगू? सगळं चर्च तुमच्यासाठी गुडघे टेकत होतं. मी म्हटलं, करू देत. तुम्हाला गरज होती."

घड्याळजींचा हात सवयीने भिंगासाठी खिशाकडे गेला. भिंग दुकानात राहिलं होतं.

रविवारी सकाळी साडेसहाला दोघांनी घराला कुलूप लावलं. बायको डावीकडे वळली. घड्याळजी क्षणभर थांबले, उजवीकडे आपली बस येताना दिसत होती, वेळेवर. मग तेही डावीकडे वळले. बायकोने मागं वळून पाहिलं नाही, फक्त चाल जरा हळू केली.

चर्चच्या दारात घड्याळजींचे पाय अडले. बायको पुढं निघून गेली. त्यांची मान आपोआप सज्ज्याखाली वळली. घड्याळ होतं, लंबक स्थिर. काटे कुठल्यातरी चार वाजून दहावर थांबलेले. सतरा वर्षांत चर्चला घड्याळाची गरजच पडली नव्हती, तरी मिस्सा होत होत्या, लग्नं लागत होती. हे बघून त्यांना जे वाटलं त्यात समाधान निम्मंच होतं.

ते तिसऱ्या बाकाकडे गेले. बायको आपल्या जागी बसली होती, डोळे मिटून. शेजारी, बाकाच्या टोकाला, तिची काळी पर्स ठेवलेली. घड्याळजी ती उचलायला वाकले, तेवढ्यात छातीला स्वयंसेवकाची फीत लावलेले एक म्हातारे गृहस्थ लगबगीने आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "तिथं नका बसू, साहेब. मागं या, जागा देतो."

"इथं कोण बसतं?"

"कुणी नाही. बाईंच्या मिस्टरांची जागा आहे ती. त्या पर्स ठेवतात. नाताळात पाय ठेवायला जागा नसते, तरी आम्ही तिथं कुणाला बसवत नाही. ते वारले. पण दहा वर्षांपूर्वी मी इथं आलो, तेव्हा ते हयात असतानासुद्धा ठेवायच्या. मी विचारलं होतं एकदा, तर म्हणाल्या, येतील."

 घड्याळजींची नजर बाकावर होती. बायको बसली होती तिथलं पॉलिश पार उडून लाकूड पांढरं पडलं होतं. सगळा बाक तसाच होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत झिजलेला. फक्त पर्सखालची दीड हात जागा जशीच्या तशी चकचकीत होती, सुताराने कालच आणून ठेवल्यासारखी. ही झीज किती वर्षांची, हे सांगायला त्यांना भिंग लागलं नाही. पाच चर्चमध्ये ते जागा शोधत हिंडत होते, आणि इथं एक बाई दर रविवारी ती धरून बसली होती.

"मीच तो," ते म्हातारबुवांना म्हणाले.  "तिचा नवरा. मीच."

म्हातारबुवांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि दोन पावलं मागं सरले.

वेदीपाशी घंटा वाजली. सगळे उठून उभे राहिले. फादर चार मिनिटं उशिरा आले होते, हे संपूर्ण चर्चमध्ये फक्त एका माणसाला कळलं आणि तो गप्प राहिला. बायकोने डोळे उघडले, पर्स उचलून आपल्याकडे घेतली आणि पुढं बघतच हळू म्हणाली, "किती उशीर केलात हो."